भात्यासाठी आणलेलं कातडं

लातूर, ६ मे १९८६

बरेच महिने वहीला हात लावला नाही. चूक माझीच, लिहिण्यासारखं काही घडतच नाही, असं समजत बसलो.

नव्या जिल्ह्याच्या तिरंदाजी संघात माझ्या मुलीची, सुजाताची निवड झाली. तिच्या भात्यासाठी आज बाजारातून कातडं आणलं. स्वस्तात मिळालं म्हणून वाटभर खूश होतो. दुष्काळात ते स्वस्त का, हे मला कळत नव्हतं का?

आबांनी, माझ्या वडिलांनी, त्यावर हात फिरवला. "उपाशी मेलेलं जनावर हाय हे," म्हणाले. गावात असताना मेलेली ढोरं त्यांनीच ओढली, दोर खांद्यावर घेऊन. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी ते काम टाकलं. त्यानंतर त्यांचा हात कातड्याला लागला तो आज, माझ्यामुळे. आणि मी तेच त्यांच्या नातीच्या पाठीवर द्यायला निघालो होतो. कातडं परत करतो म्हणालो.

सुजाता म्हणाली, "आबा, सगळ्या पोरी कातड्याचे भाते लावून येतील. मी काय पिशवी घेऊन उभी राहू?"

"हाव. नेम काय भात्यात असतो का?"

मग त्यांनीच भात्यासाठी खुंटीवरची पाण्याची कॅनव्हासची छागळ काढून दिली. उन्हाळाभर ती पाण्याविना कोरडीच लटकली आहे.

"अन् पाणी आलं तर?" सुजाताच्या आईनं विचारलं. सुजातानं छागळीच्या शिवणीत कात्री घातली.

कातडं दाराबाहेर पडलंय. तो दोर खांद्याला कसा लागायचा, हे आबांना मी कधी विचारलंच नाही.

उद्या: कातडं बाजारात परत नेणे. सायकलवर नको, खांद्यावरून.