तारऑफिसची की आणि माझा कॉम्प्युटर

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

कट्ट-कट्, कट्ट... दुपारी जरा डोळा लागला आणि तारऑफिसातला तो खटका कानात वाजला. पन्नास वर्षांपूर्वीचा! काम थंड असलं की कन्हानच्या तारमास्तराला मी तिसरीतली चिमणीची कविता तारेवर पाठवायचो. एक ओळ माझी, पुढची त्याची. गुरुजींची चाल तेवढी तारेवर जात नसे — ती मनात!

जागा झालो तर समोर कॉम्प्युटरचा डबा. बटणाशिवाय.

सगळे भाग सीताबर्डीच्या जुन्या मालाच्या दुकानातून एकेक करून आणले, जोडले. कॅबिनेटचं चालू करायचं बटणच तुटलेलं. दुकानदार — "काका, इसका बटन अलग से नहीं आता. नवं कॅबिनेटच घ्या नं." नवं काहून घेऊ?

रविवारी अकराला याच डब्यातून विश्वनाथला व्हिडिओ कॉल लागला पाहिजे. पोराशी पैज आहे! श्रावणात मला चक्कर आली, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद — "मनीषनगरचं घर विका, पुण्याला या. तुम्हा दोघांना एकटं राहणं जमणार नाही." जमतं म्हटलं तर हसला. "बाबा, एक कॉम्प्युटर स्वतः जोडून दाखवा. परत पुण्याचं नाव काढणार नाही."

दाखवतो!

मंगळवार, ५

बटण म्हणजे काय — मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवणं. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरला! पडदा उजळला! मी तिथेच उभ्या उभ्या चिमणीची कविता म्हणून टाकली, चालीसकट.

शामला धावत आली. "अहो, रोज काय असा पेचकस खुपसून राहणार? आधीच चक्कर, त्यात करंट!"

एवढ्याशा करंटने मुंगीही मरत नाही. पण विश्वनाथला हे कळलं तर हरलोच. नीट बटण हवं.

बुधवार, ६

दारावरच्या घंटीसारखं एक बटण आणून लावलं. दाबलं की आतच अडकतं, आणि दाबलेलं राहिलं की चार-पाच सेकंदांत मशीन बंद. नापास!

गुरुवार, ७

सापडलं! कपाटाच्या वरच्या खणात माझी तारयंत्राची पितळी की — जिच्यावर अख्खी नोकरी तारा ठोकल्या. ऑफिसचं जुनं सामान निघालं तेव्हा मागून आणली होती. दाबलं की टेकतं, सोडलं की सुटतं. आणखी काय पाहिजे? चिंचेने घासली, दोन तारा जोडल्या, टेबलावर बसवली. शामला — "आता हळदकुंकू आणू का?" आणलं असतं तर वाहिलंही असतं.

पण चालू होईना. पंखा एक गिरकी घेतो आणि बसतो!

शुक्रवार, ८

नाही. तारा बदलल्या, स्क्रू आवळले. स्क्रूड्रायव्हरने होतो, कीने होत नाही. कीला दोष द्यायला जीभ रेटत नाही.

विश्वनाथचा फोन — "काय बाबा, पॅकिंग सुरू करायचं का?" चावट!

शनिवार, ९

शामला मेथी निवडून राहिली होती. मी की दाबून राहिलो होतो. गिरकी — गप्प. गिरकी — गप्प.

"तुम्ही एकदाच काहून नाही दाबत?" ती म्हणाली.

"एकदाच तर दाबतो वं!"

"चारदा दाबता. टक-टक-टक-टक. ताटावर, पलंगावर, माझ्या पाठीवर... बावन्न वर्षं तेच तर ऐकून राहिली मी!"

बोटांकडे पाहिलं. खरंच! तार पाठवण्याआधी पलीकडच्या तारमास्तराला चार टकांनी हाक द्यायची, ती सवय. पहिल्या टकला मशीन उठतं, दुसऱ्या टकला परत झोपतं. तीन दिवस मीच त्याला उठवून झोपवत होतो!

"व्हा बाजूले." मेथीच्या हिरव्या बोटाने तिने एकदाच दाबलं. पडदा लख्ख!

हसून हसून दोघांनाही ठसका.

रविवार, १०, साडेअकरा

जिंकलो! अकराच्या ठोक्याला कॉल लागला. विश्वनाथ चाट! "हे काय, तारेची की? बाबा, तुम्ही म्हणजे..." आणि स्वतःच म्हणाला, "हरलो. घर विकायचा विषय बंद."

मग मी त्याला तीच चिमणीची कविता म्हणून दाखवली, त्याच्या लहानपणी म्हणायचो ती. डोळे मिटून, सगळी कडवी. मधे घंटी वाजू नये म्हणून घरातला एकुलता मोबाईल आवाज बंद करून स्वयंपाकघरात ठेवला होता. शेवटची ओळ संपली आणि बोटांनी आपोआप कीवर 'संदेश संपला'ची खूण मारली. मशीन गप्प! असो, कविता तर पूर्ण झाली होती. आता संत्राबर्फी.

रविवार, दुपारी सव्वाबारा

दार ठोठावलं कोणीतरी. उघडलं तर स्ट्रेचर घेऊन दोघे जण, घामाघूम.

"पेशंट कुठी आहे काका?"

"कोण पेशंट?"

"पुण्याहून साहेबाचा फोन होता. बोलता बोलता वडलाचे डोळे मिटले, पडदा काळा झाला, कोणी फोन उचलून नाही राहिलं म्हणे."

मोबाईल पाहिला. विश्वनाथचे एकतीस कॉल. लावला. "अरे, मी बोलतोय. ठीक आहे मी." पलीकडे अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता.

त्या दोघांना पाणी दिलं, बर्फी दिली. मग शामलाला म्हटलं — पैज जिंकलो ते जिंकलोच. पण बॅग काढ वं. पुण्याला जायचं.