कचेरीच्या कपाटातले स्फटिक

प्रिय आत्या,

सादर नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून यंदा काहीच म्हणत नाही.) मी खुशाल.

तुझ्या बंधुराजांचं, म्हणजे आमच्या बाबांचं, फर्मान तुला कळलं असेलच: यंदा विद्यापीठात कायम झाले नाही, तर गुपचूप घरी यायचं आणि रंगाच्या दुकानात बसायचं. इतकी वर्षं धातूंचे क्षार ढवळून हाती काय लागलं, असं विचारतात. लागलं होतं गं, एक सुंदर जांभळं संयुग! पण त्याचा नीट स्फटिक मिळाल्याशिवाय आत कोणता अणू कुणाला धरून बसलाय हे दाखवता येत नाही, आणि दाखवल्याशिवाय आमच्यात सख्खी आईही विश्वास ठेवत नाही. स्फटिकाला हवी शांतता. द्रावण बाटलीत भरायचं, ठेवायचं आणि विसरायचं. पहिली बाटली प्रयोगशाळेत ठेवली, तर शेजारच्या पंपाने तिला नाचवलं. दुसरी मीच उठता-बसता उचलून खिडकीशी धरायचे. (उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हण हवं तर.) तळाशी नुसता गाळ. ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या आमच्या बाई वैतागून म्हणाल्या, "अगं, बाटली आहे ती, पाळण्यातलं बाळ नव्हे!"

मग डोकं चालवलं. अख्ख्या विद्यापीठात काहीच हलत नाही अशी जागा कोणती? हेडक्लार्कांचं कपाट! तिथे गेलेलं काम वर्षानुवर्षं जागचं हलत नाही, हे जगजाहीर. हातापाया पडून तिसरी बाटली तिथे ठेवून घेतली. किल्ली त्यांच्याकडे, त्यामुळे माझे हात बांधलेले. काल त्यांनी कपाट उघडलं आणि आत्या, काय सांगू! तळाशी जांभळे, टोकदार, लखलखीत स्फटिक. मी तिथेच रडले. बाटली फुटली असं वाटून ते बिचारे झाडू आणायला धावले.

बाई म्हणतात, आता तुला कोण अडवतो बघू.

तुझी लाडकी भाची

ता. क. अडवणारं तेच कपाट आहे. बाटली ज्या गठ्ठ्यावर टेकवली होती, त्याच गठ्ठ्यात कायम नेमणुकीचा माझा अर्ज आहे, आणि तोही तितकाच शांत. तू उभा जन्म कचेरीत काढलास. अर्ज हलवायचा कसा, एवढं कळव.

ता. क. २. काही कळवू नकोस. पाकीट चिकटवणार इतक्यात हेडक्लार्क स्वतः जिना चढून आले. बाटली काढताना अर्ज दिसला म्हणे, आणि लगेच वर पाठवला. सोमवारी मुलाखत! तू ये, आणि बाबांना घेऊन ये. दुकान बंद ठेवायला माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. कायम झाले तर ते मला सगळ्यात आधी त्यांना सांगायचंय, आणि नाही झाले तरी त्यांनाच.