बंदराकडच्या रस्त्याचे नवे वळण

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
बंदर-जोडरस्ता प्रकल्प कार्यालय.

विषय : रस्त्याच्या आखणीत नव्याने घातलेले वळण रद्द करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या सभागृहात मी केलेले सादरीकरण.

महोदय,

सविनय निवेदन की, मी अर्थशास्त्राची संशोधक असून बंदराच्या रस्त्याने व्यापारउदीम किती वाढला, याचा अभ्यास आपल्याच कार्यालयाने मजकडे सोपविला होता. त्यासाठी मी पेठेजवळ, ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका बाईंच्या घरी भाड्याने राहते. त्यांना मी मावशी म्हणते. त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत.

रस्त्याच्या पहिल्या टप्प्यानंतर मालाची ने-आण वाढली, हे खरे. परंतु ट्रक पेठेत थांबेनासे झाले. गोदामांना कुलपे लागली, हमाल गाव सोडून गेले. व्यापार गावावरून गेला, गावात आला नाही, असे मी सभेत सांगितले. त्यावर आपण हसून म्हणालात, "रस्ता कुठून न्यायचा, ते आम्ही ठरवतो, बाई." सगळे हसले. मीही हसले.

पुढच्याच आठवड्यात मोजणीदार आले व मावशींच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले. मूळ आखणीत दुसरा टप्पा पडीक माळावरून सरळ जात होता. आता तो माळ सोडून वळतो, या एकाच घरावरून जातो आणि पुन्हा माळावर येतो. यात व्यापाराचा लाभ कोणता, हे पुष्कळ डोके खाजवूनही मला उमगलेले नाही.

मावशींनी शिवणयंत्र थांबवून विचारले, "तू त्या सभेत नक्की काय बोललीस गं?" मी सभेतले सगळे सांगितले.

नंतर आपल्या कार्यालयातून फोन आला, की अहवालाचा शेवटचा, पेठ ओस पडल्याचा भाग मागे घेतल्यास आखणी आपोआप सरळ होईल. खोटे कशाला सांगू, मी तयार झाले होते. मावशींनीच अडविले. "आज माझं घर वाचेल. उद्या दुसरं कुणी खरं बोललं, की रस्ता त्याच्या दारात." मी अहवाल मागे घेतला नाही.

मग नळ कोरडा पडला. वीज गेली ती आलीच नाही. ताडपत्र्या शिवायला देणारे ट्रकवाले मान फिरवून जाऊ लागले. परवा शेजाऱ्यांनी आपली मुले नातेवाइकांकडे पाठविली. कशासाठी, ते सांगत नाहीत.

आज सकाळी, कोणतीही नोटीस न देता, पाडकामाचे यंत्र दारात येऊन उभे राहिले. चालकाला मी म्हटले, "आत आजारी माणूस आहे." तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आत कुणी आहे का, हे बघायला मला सांगितलेलं नाही." यंत्र चालूच आहे. फळीवरची भांडी खणखणत आहेत.

सासऱ्यांना हलविता येत नाही. त्यांना टाकून मावशी निघणार नाहीत, आणि या दोघांना टाकून मी. वळणाचा फेरविचार आपण सवडीने करावा. तूर्त, घरात तीन माणसे आहेत, एवढेच चालकास आपल्या सहीने लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले तो ऐकत नाही. अर्ज दूधवाल्याच्या हाती पाठवीत आहे. उत्तरही त्याच्याच हाती द्यावे, ही विनंती.

आपली नम्र, व घरातच असलेली,
(स्वाक्षरी)
अर्थशास्त्र संशोधक
दिनांक : आजचाच.

सोबत : घरातील तिघांची छायाचित्रे, ओळख पटविण्यासाठी.