बांधावरचा चॅम्पियन

सोमवार, ५ जानेवारी २०२६

लागली बाई एकदाची नोकरी. आमचा पेपर बंद पडल्यापासून ठाण्याच्या घरात बसून मी फोनवरून नुसता दादाच्या डोक्याला ताप देत होते. आता ठाकुर्लीत भाड्याची खोली, समोरच्या गल्लीत ऑफिस, आणि काम असं की सांगितलं तर लोक हसतील. खोटं बॉक्सिंग चालवायचं.

‘महाबली हेवीवेट लीग’ नाव. बॉक्सर सगळे कॉम्प्युटरच्या पोटातले. एकेकाचं कार्ड भरायचं: उंची, वजन, दम किती, मार किती सोसतो, राग कधी येतो, अंगावर खुणा कुठे. मग दर रविवारी चार वाजता प्रोग्राम आपला आपण मॅच लढवतो, रँकिंग वरखाली होतं, आणि सभासद घरी पाय पसरून बघतात. मी बॉक्सरांच्या जन्मकथा लिहायच्या आणि मॅचचं वर्णन करायचं. स्पोर्ट्स डेस्कवर खऱ्या मॅचेस न बघता बातम्या केलेल्या आहेत, त्यामानाने हे प्रामाणिक काम.

मालक हितेश. इथलाच गाववाला, बोलायला साखर. बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी यांचीच भातशेती होती. तो आणि त्याची आई आवडाबाई वरच्या मजल्यावर राहतात. ऑफिसच्या कोपऱ्यात, प्रिंटरच्या मागे, फरशीतून एक शेंदूर लावलेला दगड वर आलाय. शेताचा बांध तिथून जायचा म्हणे, म्हणून फरशी त्याच्याभोवतीने कापून घेतली. मी आपला नमस्कार करून टाकला. नव्या नोकरीत कुणाशी वाकडं कशाला.

सामान पोचवायला दादा आलेला. दोन्ही गाद्या एका खांद्यावर. कल्याणच्या जिममध्ये ट्रेनर आहे, आणि तसा दिसतोही. आमच्या घरमालकीण शांताबाई बघतच राहिल्या, म्हणाल्या, आनंद नाव कशाला ठेवलं, डोंगर ठेवायचं. जाताना त्याने विचारलं, रडणार नाहीस ना. मी मान हलवली. झालं, लागला चिडवायला, की देवाने तोंड दिलंय ना, मग नाही म्हणायला मान काय हलवतेस नंदीबैलासारखी. लहानपणापासून त्याचं हेच चालू आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

माझे बॉक्सर मरतुकडे निघाले. चार कार्डं भरली, चारही पहिल्या सरावात लोळले. हितेश रागावला नाही. म्हणाला, नुसत्या डोक्यातून काढलेल्या माणसात जीव येत नाही, ओळखीतला कुणी घे. ज्याच्या अंगावरची खूण न खूण तुला ठाऊक आहे असा. हे तो दोनदा म्हणाला.

यादीत जुने बॉक्सर बरेच आहेत. शहापूरचा रोडरोलर, बंटी सुलतान, असले. चॅम्पियन मात्र नुसता ‘राघो’. पुढे काही नाही. कार्ड उघडलं तर कोरं. उंची नाही, वजन नाही, जन्मकथा नाही, आणि एकही मॅच हरलेला नाही. वर्षातून एकदाच लढतो, फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, जो एक नंबर असेल त्याच्याशी. कुणी लिहिला म्हणून विचारलं तर हितेश म्हणाला, तो आधीपासूनच आहे.

शंका घेणं हा माझा स्वभावच, दादा मला सीआयडी म्हणतो. पण कोऱ्या कार्डाचा माणूस जिंकतो कसा? पाणी कुठेतरी मुरतंय.

रविवार, ११ जानेवारी

आज पहिली मॅच बघितली आणि हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. चारला पाच कमी असताना आवडाबाई जिन्यावरून खाली. हातात तांब्या. बोटं बुडवली आणि पाणी थेट मॉनिटरवर शिंपडलं. मी कीबोर्ड उचलला पटकन. पडद्यावर रोडरोलर उभा होता, त्याने मान झटकली, आपल्या अंगावर पाणी पडल्यावर आपण झटकू तशी. म्हातारी खूश. “हालली गो, हालली,” म्हणाली आणि वर गेली.

हितेश म्हणाला, आईची श्रद्धा आहे, मनावर घेऊ नकोस. बॉक्सर उभे असताना अधूनमधून मान हलवतात, प्रोग्रामच तसा आहे. असेल. पण मग मी अर्धा तास बघत बसले तेव्हा दुसऱ्या कुणी का नाही हलवली?

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन दादाकडे कल्याणला गेलेले. वहिनीला सातवा महिना लागलाय, दादा तिला ताटही उचलू देत नाही. बाबा गेले तेव्हा याने कॉलेज सोडलं आणि मला शिकवलं, कधी बोलून दाखवलं नाही. त्याच्याकडे बघता बघताच सुचलं.

दुपारी ऑफिसात येऊन कार्ड भरलं. डावखुरा. सहा फूट एक इंच. उजव्या भुवईवर झोपाळ्यावरून पडल्याची खूण. मारण्याआधी नाक खाजवायची सवय. मार खाऊन हसणारा. नाव ठेवलं ‘मुरबाडचा वरवंटा’. सराव लावला तर काय सांगू, तीन जणांना आडवं केलं. हितेशने माझ्या पाठीवर थाप मारली. कोण आहे हा, विचारत होता. मी अभिमानाने सांगितलं, माझा दादा.

सोमवार, १९ जानेवारी

काल वरवंटा पहिली मॅच जिंकला. आवडाबाईंनी पाणी मारलं, त्याने मान झटकली, अगदी दादा नळाखालून डोकं काढून झटकतो तशी. मला गंमत वाटली. चौथ्या राउंडला त्याचा डावा हात दुखावला, तरी जिंकला.

आज दादाला फोन केला. त्याचा डावा हात सुजलाय. रविवारी दुपारी जिममध्ये वजनाची प्लेट पडली म्हणे. मी म्हटलं, किती वाजता? तो म्हणाला, सीआयडी, तुला काय करायचंय. मग म्हणाला, चार वाजून गेले होते.

योगायोग असतात. मला पटत नाहीत, पण असतात.

सोमवार, २६ जानेवारी

काल वरवंटा पुन्हा जिंकला. सहाव्या राउंडला उजवी भुवई फुटली, जुन्या खुणेवरच.

मॅच संपायच्या आत मी ऑफिसातून निघाले आणि रिक्षाने कल्याण गाठलं. दादा जिमच्या पायरीवर भुवईला रुमाल लावून हसत बसलेला. लॉकरचं दार लागलं, म्हणाला. आधी मला वाटलं, हितेश बेटिंग चालवतो आणि कुणाला तरी पाठवून हे करवतो. रात्रभर तेच डोक्यात. आज सगळं तपासलं. बेटिंग नाही, पैसा नाही, काहीच नाही. आणि दादा म्हणतो, खोलीत तो एकटाच होता.

बेटिंग असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, २८ जानेवारी

माझ्या आधी इथे त्र्यंबक नावाचा मुलगा लिहायचा. नोकरी सोडून गेला, एवढंच हितेशने सांगितलेलं. आज शांताबाईंना विचारलं, कारण तोही याच खोलीत राहायचा. त्या म्हणाल्या, सोडून कसला जातोय, वेडा झाला बिचारा. त्याचे मामा, धोंडीबा नाव, मागल्या फेब्रुवारीत रविवारी दुपारी चहा पिता पिता गेले. अंगावर काळेनिळे डाग. आणि हा ओरडत सुटला, मी मामाला लढवलं, मी मामाला लढवलं.

मागच्या वर्षी राघोसमोर कोण होता ते पाहिलं. बॉक्सरचं नाव काहीतरी वेगळंच. पण कार्डात लिहिलं होतं, वय सत्तावन्न, डाव्या पायाचं बोट नाही, चहाला नाही म्हणत नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

शांताबाईंनी आज मला समोर बसवून सांगितलं. त्यांच्या सासूबाई त्याच शेतात लावणीला जायच्या. शांताबाई म्हणतात, आम्ही हे सगळं कधीच सोडलं, माझा विश्वास नाही, पण तू विचारतेस म्हणून सांगते.

त्या बांधाला राखणदार होता. राघो. भात घरात आलं की त्याला कोंबडा द्यायचा, त्याला राखण म्हणायचे. पण राघोला आयतं चालायचं नाही. बांधावर आधी दोन कोंबडे झुंजवायचे, हरेल तो त्याचा. कापायच्या आधी कोंबड्यावर पाणी शिंपडायचं. त्याने मान हलवली की राघोने घेतला. नाही हलवली तर सोडून द्यायचा, घरी न्यायचा. एक कोंबडा तसा सुटला आणि म्हातारा होऊन मेला म्हणे.

मग बिल्डिंग आली. बांध गेला, झुंज गेली. त्याच साली हितेशचा मोठा भाऊ ऑफिसच्या फरशीवर मरून पडला, त्या दगडापाशी. कुणी हात लावला नव्हता. त्यानंतर हितेशने हा खेळ काढला.

म्हणजे आपला भाऊ गेला म्हणून हा दुसऱ्यांचे देतो. आणि मीच हौसेने आणून दिला.

रविवार, १ फेब्रुवारी

वरवंटा जिंकला. मी हरू दे हरू दे म्हणत होते. पण हरला असता तर काय झालं असतं, तेही कळत नाही. आता रँकिंगमध्ये तो एक नंबर, म्हणजे पुढच्या रविवारी राघो.

दादाला सगळं सांगितलं. हसला. वहिनीला ऐकवू नकोस, म्हणाला. त्याच्या बरगडीला पट्टा बांधलेला. श्वास घेताना थांबत होता.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

कार्ड खोडलं. सकाळी परत होतं.

त्याच्या जागी मनाने रचलेला माणूस भरला. टिकत नाही, अक्षरं आपोआप पुसली जातात. हितेशचं भरून पाहिलं, खोटं कशाला बोलू, खरंच पाहिलं. पण त्याच्या अंगावरच्या खुणा मला कुठे माहीत? तेही पुसलं गेलं.

जिवंत माणूसच लागतं. ज्याच्यातलं सगळं ठाऊक आहे असं. असं माणूस मला दुसरं एकच माहीत आहे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

भरलं. उजवखुरी. पाच फूट दोन इंच. मनगटावर तव्याचा चटका. दम नाही, जिना चढताना धाप. शंकेखोर. नाव तेच ठेवलं, वरवंटा.

पुसलं गेलं नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

दादाचा फोन. बरगडी एकदम थांबली दुखायची, रात्री नीट झोपला. वहिनी उद्या आमटीभात करणार आहे, संध्याकाळी जेवायला ये, म्हणाला. मी येते म्हटलं.

माझ्या उजव्या भुवईच्या वर सकाळपासून ठणका आहे. तिथे कधीच काही लागलेलं नव्हतं.

पळून जाऊन उपयोग नाही, कार्ड इथेच राहील. पण शांताबाईंचा कोंबडा आठवतोय. मान हलवली नाही की सुटतो. मी नाही हलवणार. दगड होऊन बसेन. मग मीही सुटले, दादाही सुटला.

रविवार, ८ फेब्रुवारी, दुपार

लिहीत बसलेय म्हणजे डोकं खाली आणि मान ताठ राहते. चार वाजत आलेत. उन्हाची तिरीप त्या दगडावर पडलीय.

आवडाबाई आल्या. मॉनिटरवर पाणी मारलं. पडद्यावर बुटकी आकृती उभी आहे. हलली नाही. त्यांनी परत मारलं. नाही हलली. हितेशने कार्ड उघडलं, वाचलं. माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. डोळ्यांत पाणी आलंय त्याच्या —

म्हातारी माझ्यामागे येऊन उभी. तांब्याचा वास येतोय.

पाणी. गार. मानेवर. अंगावर काटा आला पण मान नाही, मान नाही हलली.

परत.

कानामागून थेंब उतरतोय. हलायचं नाही. दादा, आमटीभात, हलायचं नाही.

तिसऱ्यांदा. नाही. आवडाबाई म्हणतायत, नाय हालली. तांब्या खाली ठेवला. सुटले. बहुतेक सुट—

हितेश खुर्ची ओढून समोर बसलाय. अगदी हळू, समजावून बोलतोय. म्हणतो, त्याला कुणीतरी लागतंच गं. तुझी इच्छा नसेल तर नाही. विचारतोय, मग दादाचंच कार्ड परत लावू का, आणि मी नाही म्हणायला —