अंबाडीच्या भाजीत काय घातलं होतं?

लातूर, जिल्हा लातूर
(आता असंच लिहायचं. जुना जिल्हा उस्मानाबाद लिहिला तर पोस्टमन दुखावतो.)

तीर्थरूप सिद्धम्मा वन्सं यांना धाकट्या भावजयीचा शरणार्थ. किनवटला सगळे खुशाल असतील, तुमचा गुडघाही आता कुरकुरत नसेल. इथे जिल्हा झाल्यापासून कचेऱ्या वाढल्या. पाणी मात्र टँकर आणील तेवढंच. बाकी ठीक. (ठीक नाही, म्हणून तर लिहिते आहे.)

निवृत्त झाल्यापासून तुमच्या भावाचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं आहे. सदरे अंगावर लोंबतात. डॉक्टर म्हणतात, रोग काही नाही, खाऊ घाला. आणि मागच्या महिन्यात तुमच्याकडे याच माणसाने अंबाडीच्या भाजीशी तीन भाकरी खाल्ल्या. नांदेडहून किनवटपर्यंत गाडीत त्यांचा उतरलेला चेहरा पाहत आले होते, म्हणून त्या भाकरी मी विसरणं शक्य नाही. कृती मी तिथेच विचारली आणि तुम्ही लगेच सांगितलीत. खरी कृती इतक्या लगेच कोणी सांगतं का? शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली.

इथे दुष्काळात हिरवं पान दिसत नाही, म्हणून तुम्हीच दिलेली वाळवलेली अंबाडी घेतली. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी, सगळं तुमच्यासारखं. यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मी टँकरच्या पाण्यावर संशय घेतला, विहिरीच्या तळातलं गाळून वापरलं. अर्धीच. मग तेलावर संशय घेतला, मग लसणावर, मग तुमच्यावर. (तुमच्यावर तो पहिल्यापासून होता, वयाने मोठ्या आहात म्हणून शेवटी लिहिला.)

राग मानू नका, पण शेजारच्या सरजाबाई लेकीकडे किनवटला आल्या आणि दुपारभर तुमच्या चुलीपाशी बसल्या, त्यांना मीच पाठवलं होतं. परतल्यावर म्हणाल्या, "बाई, काही लपवून नाही राहिली ती. समदं तुमच्यावानीच हाय. पण जेवणाऱ्याला बोलते लई. घरच्या पोराच्या घशाखाली घास उतरला न्हाई, तर हिचा टोमणा."

तेव्हा आठवलं. तुम्ही यांच्या ताटापाशी बसून म्हणालात, "काय रे माण्या, लहानपणी माझी भाकर पळवायचास, आता सोताची जाईना व्हय?" हे म्हणाले, "ही भाकर हाय का चामडं? आण आनखी, बघतो." मग मामंजींचा लाडका कोण, यावर जुंपली आणि त्या भांडणात तीन भाकरी गेल्या. आमच्याकडे जेवताना कोणी बोलत नाही. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी तशी शिस्त लावली, ती मी लग्नात रुखवतासारखी बरोबर आणली. यांनी कधी तक्रार केली नाही. करणार तरी केव्हा, जेवताना बोलायचं नव्हतं.

सोमवारी मीच भांडून पाहिलं. म्हटलं, "अहो, भाकरी संपवता, की मी रागावू?" हे म्हणाले, "रागव." आणि हात धुतले.

तुमची,
शिवकांता

ता. क. कृती पुन्हा पाठवू नका. तुम्हीच या, महिनाभर राहा आणि दोन्ही वेळा यांच्याशी भांडा. मी सैपाकघरात थांबेन, मध्ये पडणार नाही. यांना काही कळवलेलं नाही. भांडण ताजं हवं.

ता. क. दुसरा. येताना तुमच्या घरचं तिखट घेऊन या. तुम्ही काही लपवलं नाही असं सरजाबाई म्हणतात खरं, पण त्या तुमच्याकडे पोटभर जेवून आल्या आहेत. असली साक्ष मी धरत नाही.