तुझीच हाय ती

अंबाडी, ता. भिवंडी

रीमा,

माझी धाकटी बहीण मेघाली वारली, तेव्हा तिची पूर्वा वीस दिवसांची होती. पाच वर्षं मीच वाढवली. मलाच आई म्हणायची. मग तिच्या बापानं, हरेशरावांनी, तुझ्याशी लग्न केलं आणि पोरीला काल्हेरला नेलं.

परवा मी तिला बघायला आले, तेव्हा ती तुमच्या बिल्डिंगखाली खेळताना पडली. गुडघा फुटला. मी हात पसरले, पण ती रडत माझ्या बाजूनं पुढे पळाली आणि "आई" म्हणत तुला बिलगली. तू घाबरून माझ्याकडे बघितलंस.

"घे तिला. तुझीच हाय ती," मी म्हणाले.

खोटं न्हाय बोलले. पण तेवढं बोलून माझ्यात काही उरलं न्हाय. चहा न घेताच निघाले, त्याचा राग धरू नको.

तू वाईट असतीस, तर भांडून तिला परत आणली असती. तू चांगली हायस, त्याला मी काय करू?

हे पत्र मी धाडणार न्हाय. वाचलंस तर तू तिला घेऊन मला भेटायला येशील, आणि मग माझ्याच्यानं तिला दुसऱ्यांदा सोडवायचं न्हाय.

पूर्वाची मावशी,
गोदू