सातचा व्हॉल्व्ह साडेपाचला

३ मार्च

उडाला! सात किलो दाबावर लावलेला बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह साडेपाचावरच उडाला. मी डबा उघडून पहिला घास घेतला होता. लॉन्ड्रीभर वाफेचा फुत्कार, इस्त्र्या गार, आणि मॅनेजर माझ्यापुढे हजर — "काय केलंत?"

काय केलं म्हणजे? जेवत होतो.

दाब फार चढला तर वाफ बाहेर सोडून सगळ्यांचे जीव वाचवायचे, एवढंच त्या व्हॉल्व्हचं काम. त्यानं उगाच बोंब ठोकायची म्हणजे माझ्या अब्रूचं खोबरं. व्हॉल्व्हच्या कंपनीला फोन केला.

४ मार्च

फिटर आला. टक्कल, गळ्यात चष्मा. विधुर आहे — हे न विचारता सांगितलं. वाफेची मुख्य लाइन बंद ठेवून दाब चढवला. सहा, साडेसहा, सात — उडाला. बरोबर सातावर! "ठणठणीत आहे," म्हणाला. तरी खोलून साफ केला, परत सातावर लावला, तार ओवून शिशाचं सील ठोकलं. आता स्प्रिंगला कोणी हात लावला तर सील तुटणार.

इस्त्रीखात्यातून ताई चहा घेऊन आली. फिटरसाठी. सख्ख्या भावाला विचारलंसुद्धा नाही.

१० मार्च

पुन्हा साडेपाचावर. पुन्हा मी जेवायला गेल्यावर. सील शाबूत. मॅनेजर म्हणाले, "स्प्रिंग दोन आटे आवळून टाका ना, कटकट जाईल." म्हटलं, जाईल — छपरासकट. मी असेपर्यंत कोणी आवळणार नाही.

११ मार्च

फिटरसमोर पुन्हा सात. "माझ्यासमोर शहाण्यासारखा वागतो," म्हणाला. ताई केवढी हसली! यात हसण्यासारखं काय होतं?

एरवी बॉयलरच्या पायऱ्या चढताना ताई गुडघ्याला हात लावून कण्हते. आज कप घेऊन दोनदा चढली. औषध बदललं असावं.

१७ मार्च

तिसऱ्यांदा. आता माझा फिटरवर संशय आहे. मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवतो, म्हणजे परत बोलावणं येतं. बायकोला सांगितलं तर म्हणे, "तुम्हाला गेजच्या काट्यापलीकडे काही दिसतच नाही."

१८ मार्च

सकाळीच दाबाचा गेज तपासून घेतला. बरोबर आहे.

फिटरला तोंडावर विचारलं. त्याचा चेहरा पडला. "त्या सीलवर माझा नंबर आहे. तो मी विकत नाही." मला वाईट वाटलं. माफी मागितली. तो हत्यारं आवरून गेला, चहा तसाच राहिला. ताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिचा काय संबंध?

संध्याकाळी मॅनेजर सगळ्या खात्यासमोर म्हणाले, "आणखी एकदा उडाला तर तुम्ही घरी बसायचं." ताई इस्त्री हातात धरून उभी होती.

२५ मार्च

नाही उडाला.

३१ मार्च

नाही! माझ्या माफीचा गुण असेल.

ताईनं मात्र आज दोन कॉलरी जाळल्या. ताईनं! आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. तिचं स्वतःचं राहून गेलं. कधी कुरकुर केली नाही. आज घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जशा काही कॉलरी मीच जाळल्या.

२ एप्रिल

आज सुट्टी. बॉयलर थंड, म्हणून शिडी लावून वर साफसफाई केली.

व्हॉल्व्हच्या बाजूला एक लिव्हर असतो, चाचणीसाठी. तो ओढला की सातावर दाब गेला नसला तरी व्हॉल्व्ह उडतो आणि सीलला धक्काही लागत नाही. त्या लिव्हरजवळ, पाइपामागे, पांढऱ्या दोरीचा फास. कपड्यांचे गठ्ठे बांधायची दोरी. दुसरं टोक खिडकीतून थेट इस्त्रीखात्यात, ताईच्या टेबलाखाली!

म्हणजे दर वेळी पायऱ्या चढून फास लिव्हरला अडकवायचा, खाली जाऊन दोरी ओढायची. तरीच गुडघा बरा. आणि तरीच दर वेळी तिची मला घाई — "जा, जेवून घे आधी!"

संतापलो. माझी नोकरी गेली असती! मग लक्षात आलं. मॅनेजरांनी दम दिल्यापासून तिनं एकदाही दोरी ओढलेली नाही. पुन्हा माझ्यासाठीच. शिडीवर बसून रडलो. इथे लिहायला लाज कसली?

बायकोला सांगितलं. "दोरीचं नव्हतं माहीत," ती म्हणाली, "बाकीचं होतं. फोन करा की त्याला."

पण कारण काय सांगू? तक्रार असल्याशिवाय कंपनी फिटर पाठवत नाही.

३ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत व्हॉल्व्ह उडाला. साडेपाचावर. दोरी मी ओढली.

मॅनेजर अजून ओरडतायत. फिटर निघालाय. ताईला म्हटलं, जा, केस विंचरून घे आधी.